तीन सडांचं दूध

शुक्रवारी सकाळी बुधीनं लाथ मारली, तेव्हाच फुलाबाईंच्या ध्यानात आलं की काहीतरी बिनसलंय. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. सात वर्षांत धारेच्या वेळी तिनं शेपटीसुद्धा जोरात हलवली नव्हती. आणि आज मागच्या डाव्या सडाला बोट लागलं न लागलं तोच बादली घरंगळत गोठ्याच्या दाराशी गेली. कासेचा तो कोपरा दगडासारखा घट्ट झाला होता, हाताला चटका बसावा इतका गरम. पुन्हा पिळून पाहिलं तर दुधाऐवजी पिवळट पाणी, आणि त्यात फुटलेल्या दह्यासारख्या गाठी.

दारात सून उभी होती, स्नेहल. कडेवर साडेतीन वर्षांची शेफाली. बादली पडली तशी ती पोरीला छातीशी धरून चार पावलं मागं सरली.

"आगं, बादली हाय ती, बिबट्या न्हाई," फुलाबाई म्हणाल्या. "मतीन डाक्टरला फोन लाव."

स्नेहलची ही सवय घरात सगळ्यांच्या थट्टेचा विषय होती. भोरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली पोर लग्न होऊन मार्गासनीजवळच्या या वाडीत आली. पहिल्या वर्षी पाण्याच्या टाकीत टाकायची पावडर मोजून टाकायची, दुसऱ्या वर्षी पोर झाली तेव्हापासून तर श्वासही मोजायची. नवरा सोमनाथ खेड शिवापूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचा. तो म्हणायचा, "लोक बायको करून आणतात, आमी थर्मामीटर आणला." त्यावर तीही हसायची. पण गेल्या दिवाळीनंतर तिचं ते हसू कमी झालं होतं.

गेल्या दिवाळीत शेफालीचा कान फुटला होता. भोरच्या दवाखान्यातून गुलाबी औषध आणलं. दोन चमचे पोटात गेले आणि अर्ध्या तासात पोरीचे ओठ सुजून वर आले, अंगभर गांध्या उठल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. वेळेत पोचली म्हणून वाचली. डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून दिलं : पेनिसिलीन कधीही देऊ नये. त्या पानाचा फोटो स्नेहलच्या मोबाईलमध्ये कायम असायचा. पाहुण्यांच्या घरी गेली तरी ती तो आधी दाखवायची.

मतीन डॉक्टर भोरहून मोटरसायकलवर आले तेव्हा दहा वाजले होते. जनावरांचा डॉक्टर, चाळिशीचा शांत माणूस. त्यांनी आधी बुधीला हाक मारली, मग पाठीवरून हात फिरवला, मग खिशातून शिंप्यासारखा टेप काढून तिच्या छातीचा घेर घेतला.

"कपडं शिवताय व्हय तिला?" फुलाबाईंनी विचारलं.

"वजन काढतोय, मावशी. औषध वजनावर द्यायचं असतं. कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, नुसते हुशार होतात." त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "साडेतीनशे किलो धरू."

"ते मागं एक सुजंचं इंजेक्शन मिळायचं बघा, एका दिसात सूज उतरायची. तेच द्या की."

"ते आता जनावरांना बंद आहे. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडं मरायची. राजगडाच्या कड्यावर तुम्ही लहानपणी किती बघितली असतील, आता दिसतात का? औषध अंगात गेलं की आपण दाखवू तिथंच थांबत नाही, मावशी. ते फिरतं." असं म्हणत त्यांनी एक सुई मानेत दिली, आणि मग सड स्वच्छ पुसून त्याच्या भोकातून एक बारीक नळी आत रिकामी केली.

स्नेहल दारातूनच म्हणाली, "डॉक्टर, औषध कुठलं दिलं?"

फुलाबाईंनी वळून पाहिलं. डॉक्टरला असं विचारणं त्यांना चोराची झडती घेतल्यासारखं वाटायचं. पण मतीन डॉक्टरांना राग आला नाही. "पेनिसिलीनच्या जातीतलं. मानेत दिलं तेही, आणि सडात घातलं तेही."

स्नेहल उंबरा ओलांडून आत आली. तिनं मोबाईल काढून फोटो दाखवला. डॉक्टरांनी तो वाचला आणि हातमोजे काढता काढता थांबले.

"मग नीट ऐका. दोघीही ऐका. आज, उद्या आणि परवा इंजेक्शन देणार. परवाचं जे आहे ते दमानं उतरणारं. मांसात साठून राहतं आणि तिथून थोडं थोडं रक्तात सुटतं. म्हणून रविवारनंतर सहा दिवस सोडायचे. पुढच्या शनिवारपर्यंत चारी सडांचं दूध काढून खड्ड्यात ओतायचं. घरात नाही, डेअरीत नाही, मांजराला नाही."

"उकळलं तर?" स्नेहलनं विचारलं.

"उकळून जंतू मरतात, ताई. औषध मरत नाही."

ते गेले. संध्याकाळी फुलाबाई धारेला बसल्या. मागच्या डाव्या सडाची धार त्यांनी वेगळ्या तांब्यात घेतली, उकिरड्यामागं नेऊन ओतली, वर माती लोटली आणि हात धुऊन आल्या. उरलेल्या तीन सडांचं दूध बादलीत फेसाळून आलं होतं. पांढरं स्वच्छ.

"आई, चारी सडांचं म्हणाले होते ते."

"आगं, औशद कुठल्या सडात घातलं? म्या माज्या डोळ्यांनी बघितलं. मागच्या डाव्या. म्होरच्या सडांनी काय पाप केलंय? चार सड म्हंजी चार खोल्या असत्यात बाय, एकीतलं दुसरीत जात न्हाई. तुला धार काढाय येत न्हाई, म्हनून तुला ठावं न्हाई."

"पण मानेत दिलं ते?"

"ते तापाचं." फुलाबाई हसल्या. "मानेतनं कासंत जाया त्याला काय यष्टी मिळती का?"

शेजारच्या चंद्राबाई पिठाची चाळण परत द्यायला आल्या होत्या, त्याही हसल्या. स्नेहल गप्प बसली. तिला उत्तर येत होतं. रक्त मानेतून निघतं तसं कासेतून जातं, आणि दूध रक्तापासूनच होतं. चारी खोल्यांना पाणी एकाच टाकीचं. पण तिला इतक्या वेळा इतक्या गोष्टींसाठी हसण्यावारी नेलं गेलं होतं की तिनं मनाशी हिशेब केला : सगळं लढायला गेलं तर काहीच हाती लागणार नाही, एवढं एकच लढू. ती म्हणाली, "शेफालीला मी पिशवीचं दूध आणते. तिला हे एक थेंब द्यायचं नाही."

"नगं देऊ. तुझी पोर, तुझी पिशवी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन सडांच्या दुधाची किटली तिच्यासमोरून डेअरीत गेली. ती भांडी घासत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. रविवारी तसंच. सोमवारीही तसंच.

सोमवारी बुधीची सूज उतरली. गाठी गेल्या. फुलाबाईंनी आजारी सडाची धार तळव्यावर घेऊन चंद्राबाईंना दाखवली, मोगऱ्यासारखी होती. जनावर दुखण्यातून उठलं की त्याच्या दुधाची खीर करायची, मेंगाईला नैवेद्य दाखवायचा आणि वाडीतल्या पाच कुवारणींना पाटावर बसवून वाढायची, हा त्या घरचा जुना रिवाज. पहिला पाट घरच्या पोरीचा. घरची पोर जेवल्याशिवाय बाकीच्या चार जणींच्या ताटात पळी पडत नाही. देवीला कळायला पाहिजे ना, की घरच्यांचा आपल्या जनावरावर भरवसा आहे.

"उद्या मंगळवार. चार घरी सांगून आले," फुलाबाई चुलीपाशी म्हणाल्या. "शेफाली पयल्या पाटावर."

"आई, शनिवारपर्यंत नाही."

"दुदात गाठ हाय का? वास हाय का? देवीला बोललेलं हाय म्या, पोरी. हितं तुझ्या कागदाचं काय काम?"

स्नेहलनं सोमनाथला सांगितलं. तो दमून आला होता. म्हणाला, "एक पळी खीर. त्यात दूध असून असून किती असणार? आई पाच वर्षं बोलंल त्यावरनं." ती भिंतीकडं तोंड करून पडली. एक पळी म्हणजे किती, हे तिला कुणीच सांगू शकत नव्हतं. गुलाबी औषधाचे दोनच चमचे होते.

मंगळवारी सकाळी फुलाबाईंनी दह्याचं गाडगं उघडलं. नैवेद्याच्या दहीभातासाठी रात्री विरजण लावलं होतं. आत दूध जसंच्या तसं होतं. गाडगं तिरकं केलं तर पाण्यासारखं हललं. त्यांनी वास घेतला, आंबटही नाही.

"थंडी लई पडलीया," त्या म्हणाल्या.

स्नेहल मागं उभी होती. तिच्या डोक्यात कॉलेजची प्रयोगशाळा एकदम उजळल्यासारखी झाली. दही लावतात ते जंतूच. आणि औषध कुणाला मारतं? जंतूंना. ते कुठला जंतू रोगाचा आणि कुठला दह्याचा, असं विचारत बसत नाही.

"थंडीनं असेल," ती हळूच म्हणाली. "आणि औषधानंही असेल. आपण बघू या का?"

"काय बघायचं?"

तिनं दोन सारख्या वाट्या घेतल्या. एकीत बुधीचं तीन सडांचं दूध, एकीत पिशवीचं. दोन्ही गरम पाण्याच्या एकाच भांड्यात ठेवून सारखंच कोमट केलं. चंद्राबाईंकडून ताजं विरजण आणलं आणि फुलाबाईंनाच म्हणाली, "तुमच्या हातानं लावा, म्हणजे मी काही केलं असं नको." फुलाबाईंनी दोन्हीत एकेक बोट विरजण फिरवलं. दोन्ही वाट्या झाकून, जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरल्या. सकाळचे सात वाजले होते.

"दुपारला उघडू," फुलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा होती, पण जरा कमी. "दोनी लागली तर शेफाली पयल्या पाटावर, आन मग तू तोंड उघडायचं न्हाई."

स्नेहलनं पोरीच्या अंघोळीचं पाणी चुलीवर ठेवलं.

पोरीला अंघोळ घालताना तिला मांडीवर तीन लाल गांध्या दिसल्या. पाठीवर एक. "आई, हिला गांध्या उठल्यात," तिनं आतून सांगितलं.

"पेंढ्यात लोळत व्हती काल दिसभर," फुलाबाई बाहेरून म्हणाल्या. "खाज आली आसंल."

खरंच लोळत होती. स्नेहलनं खोबरेल लावलं. दर अर्ध्या तासानं फ्रॉक वर करून पाहिलं. गांध्या फिकट झाल्या, तेव्हा अकराच्या सुमारास ती धुणं घेऊन ओढ्यावर गेली. साडेबाराला परतली. पोर झोपली होती. फुलाबाई खिरीसाठी तांदूळ निवडत होत्या, चुलीवर मोठं पातेलं चढवायचं बाकी होतं.

अडीच वाजता दोघींनी डबा उघडला. फुलाबाईंनी शाल सोडली. पिशवीच्या दुधाची वाटी त्यांनी तिरकी केली. दही हललं नाही. त्यांनी ती पार उपडी धरली तरी ते वाटीला धरून राहिलं. मग दुसरी वाटी. ती जराशी कलली आणि दूध त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

थंडी दोन्ही वाट्यांना सारखी होती. विरजण एकच होतं. हातही एकच.

फुलाबाई ओल्या हाताकडं बघत राहिल्या. मग खाली बसल्या, पाट न घेता, सारवलेल्या जमिनीवर.

"स्नेहल," त्या म्हणाल्या, "म्या तिला दिलं."

"काय दिलं?"

"दूध. काल सांजंला वाटीभर. पिशवीचं पिऊन पोर सुकली, आसं वाटलं मला. काल पचलं म्हनून आत्ता बारालाबी दिलं. तू वड्यावर व्हतीस."

स्नेहल उठून आत गेली ती कशी गेली तिला कळलं नाही. शेफाली जागी झाली होती, रडत नव्हती, नुसती गळा खाजवत होती. डोळ्यांच्या पापण्या फुगल्या होत्या. फ्रॉक वर केला तर पोटावर नकाशासारख्या गांध्या. स्नेहलनं तिच्या छातीला कान लावला. शिट्टी नव्हती अजून, पण श्वासाच्या टोकाला काहीतरी घासत होतं.

मतीन डॉक्टरांचा फोन एका रिंगमध्ये लागला. ते पुरतं ऐकायलाही थांबले नाहीत. "मी जनावरांचा डॉक्टर आहे, मला विचारत बसू नका. नसरापूरला न्या, आत्ता. गेल्या गेल्या पहिला शब्द पेनिसिलीन हा बोला. मी तिथं फोन करतो."

स्कूटी दारात होती. चंद्राबाई हाकेला धावत आल्या. त्यांची नात चार कुवारणींतली एक होती. नवा परकर नेसून ओट्यावर वाट बघत बसली होती. चंद्राबाई काही न विचारता शेफालीला कवेत घेऊन मागं बसल्या. स्नेहलनं स्कूटी चालू केली आणि फुलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्याबी येते."

"बाकीच्या पोरी येतील आई, चार वाजता."

फुलाबाई बाजूला झाल्या. मग त्यांनी पदर खोचला. "तू जा. म्या चारी घरी सांगते."

"काय सांगाल?"

"खरं त्ये."

नसरापूरला पोचेपर्यंत स्नेहलनं आरशात तीनदा मागं पाहिलं, आणि तिन्ही वेळा चंद्राबाई म्हणाल्या, "श्वास घेतीया, तू म्होरं बघ." दवाखान्यात नर्स दारातच उभी होती. मांडीत एक इंजेक्शन गेलं, मग हातात सुई लागली, तोंडावर वाफेचा मास्क. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं?" आणि स्नेहलनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, शुक्रवारपासून. सांगताना तिच्या लक्षात आलं की या गोष्टीत एक माणूस आहे जो रोज किटली जाताना बघत होता.

पाचला पापण्या उतरायला लागल्या. सहाला शेफालीनं बिस्कीट मागितलं. "रात्रभर इथंच ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण आता काळजी उतरणीला आहे."

फुलाबाई एसटीनं आल्या. पायाला माती तशीच होती. त्या कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, पोरीला हात लावला नाही.

"सांगितलं चौघींच्या घरी," त्या म्हणाल्या. "एक जण म्हणली, देवीचं दूध इखाचं म्हणतीस, जीभ झडंल तुझी. ऐकून घेतलं. दूध समदं वतलं, चारी सडाचं." त्या सुनेकडं वळल्या. "तू मला पयल्याच दिशी सांगितलं व्हतंस. म्या हसले."

स्नेहलला दुपारपासून ह्याच वाक्याची वाट होती. ते आलं, आणि तिला त्याचं काही करता येईना.

"एकदाच सांगितलं, आई. तुम्ही हसलात आणि मी गप बसले. आपल्या पोरीपुरती पिशवी आणली. डेअरीची किटली रोज माझ्यासमोरून गेली. ते दूध कुठल्या पोरीच्या पोटात गेलं, मला ठाऊक नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

फुलाबाईंनी तेव्हा पहिल्यांदा कॉटवर टेकायची हिंमत केली. शेफालीनं झोपेतच पाय त्यांच्या मांडीवर टाकला. त्या हलल्या नाहीत.

बुधवारी सकाळी सोमनाथ सुट्टी टाकून पोरीपाशी थांबला, आणि दोघी सासू-सुना वाडीत परतल्या त्या सरळ डेअरीवर. डेअरीवाला सावळाराम दूध घालून घेत होता. दहा-बारा जण किटल्या घेऊन रांगेत होते. फुलाबाई रिकाम्या हातानं आल्या म्हणून सगळ्यांनी पाहिलं.

"मावशी, बुधी आटली काय?" सावळारामनं विचारलं.

फुलाबाईंनी सुनेकडं पाहिलं. स्नेहल पुढं झाली. तिचा आवाज नको इतका मोठा फुटला.

"आमच्या गाईला पेनिसिलीन दिलंय. शनिवारपर्यंत आमचं दूध घेऊ नका. आणि शनिवार सकाळपासून काल सकाळपर्यंत जे घातलं ते औषधाचंच होतं. वरच्या ऑफिसला कळवा."

सावळारामचं माप हातातच राहिलं. "वैनी, ते कवाच टँकरमधनं पुण्याला गेलं. आता कुठं हुडकू त्याला?"

"हुडकता येणार नाही," स्नेहल म्हणाली. "पण कळवा."

"येवढं कोण बघतंय," मागून कुणीतरी म्हणालं. "समद्यांच्या गाईंना सुया असत्यातच की. हिच्या पोरीला सोसत न्हाई म्हणून काय जगानं दूध वतायचं?"

"व्हय," फुलाबाई म्हणाल्या. "माझी नात काल निळी पडाय आली व्हती. व्हय, वतायचं."

 रांगेतल्या दोघीजणींनी एकमेकींकडं पाहिलं. कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि सोडून दिली. रांग पुढं सरकायची होती, ती सरकली नाही.

मग रांगेत चौथा उभा असलेला गेनबा, जो कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि ज्याच्या गाईला परवाच सुई झाली होती, त्यानं खाली ठेवलेली आपली भरलेली किटली उचलली. कुणाकडं न बघता तो रांगेतून बाहेर पडला आणि घराच्या वाटेला लागला.